बटण बंद होतं

४ ऑक्टोबर

मामा,

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. मोबाइलवर मराठीत मेल टाइप करायची सवय नाही, एकेक अक्षर शोधावं लागतं, जोडाक्षर आलं की घामच फुटतो. एवढ्या दोन ओळी होईतो चहा गार झाला. फोन केला असता, पण तुला माहितीये, फोन कानाला लावला की माझा आवाजच निघत नाही. आणि आमची वरची एकच खोली. इथं कुजबुजलं तरी खाली वह्यांच्या कारखान्यात ऐकू जातं.

बाबांना जाऊन आज वीस दिवस झाले. तू आला होतास तेव्हा मी तुझ्याशी बोलले नाही, राग धरू नकोस. कुणाशीच बोलले नाही.

तू शाळेच्या प्रयोगशाळेत असतोस म्हणून तुला शाळेतलं एक विचारायचंय. बटण बंद केलं की वायरमधला करंट थांबतो ना? सगळा थांबतो, की थोडा मागे उरतो? आणि दिव्याला एक वायर जाते आणि एक परत येते, त्यातली परत येणारी रिकामी असते ना? म्हणजे दिव्यानं खाऊन उरलेलं तिच्यात असतं, असंच ना?

का विचारते ते सांगते. तुला काकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक असणार. त्या दिवशी कटिंग मशीनवरचा बल्ब गेला. तो खाली लोंबतो, हात वर केला की पोचतो. बाबांचे हात खळीनं भरलेले, पायाखाली खळीचं पाणी. बाबा म्हणाले, "बटण बंद कर रे." दादा म्हणाला, "बंद!" बाबांनी डावा हात मशीनच्या लोखंडी चाकावर टेकवला आणि उजव्यानं बल्ब फिरवला. काच हातात आली, पितळी टोपी आतच राहिली. ती काढायला बोट घातलं आणि चिकटले. दादानं धावत जाऊन मेन पाडला, तोपर्यंत झालं होतं.

माणसं जमली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, बटण चालूच होतं. बल्ब आधीच गेलेला, त्यामुळे बंद केलं की चालू ठेवलं ते दिव्यावरून कळायला मार्ग नव्हता. काका म्हणतात दादा फोनमध्ये बघत होता, नुसतं तोंडानं "बंद" म्हणाला. दादा पहिल्यांदा म्हणत होता मी दाबलं, दाबलं. आता कागदाच्या गोदामात झोपतो, उभ्यानं जेवतो. परवा मला म्हणाला, "काका म्हणतात तर तसंच असेल."

वीज कार्यालयातले साहेब २८ तारखेला चौकशीला येणार आहेत. दादाच्या नावावर लिहिलं तर निष्काळजीपणाची केस होईल. दादा एकोणीस वर्षांचा आहे मामा. बापाला मारलं असा कागद घेऊन तो कुठं जाईल?

लवकर लिही. आईला सांगू नकोस मी लिहिलं ते.

गप्पू


७ ऑक्टोबर

प्रिय गप्पू,

चुका कसल्या गं? आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या सूचनापत्रात याच्या दुप्पट असतात आणि खाली त्यांची सही असते. तू लिहीत जा. तुझ्या तोंडातून सोळा वर्षांत जेवढं ऐकलं नाही तेवढं एका पत्रात वाचलं.

मी काही मास्तर नाही. बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतोय आणि मुलांपुढे तारा मांडून देतोय, एवढंच. पण तारांचं मला विचार.

आधी तुझी एक गाठ सोडवतो. दिवा करंट खात नाही. नववीतली निम्मी मुलं हेच म्हणतात, येणारी वायर भरलेली आणि जाणारी रिकामी. आपल्याकडे मोजायचं यंत्र आहे, ते दिव्याच्या अलीकडे लाव नाहीतर पलीकडे, आकडा तोच येतो. जेवढा गेला तेवढाच परत आला. मग दिवा पेटतो कशावर? तर सेल जो दाब देतो, जो रेटा देतो, तो दिव्यातून जाताना खर्च होतो. माणसं सगळी परत येतात, फक्त दमून येतात, असं समज.

आता बटण. तू वह्या शिवतेस ना? दोरा एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, शेवटी पहिल्या टोकाला गाठ. गाठ मारली तर शिवण उभी राहते. मध्ये कुठंही दोरा कापला तरी सगळीच शिवण सुटते, हो की नाही? करंटचंही तेच. त्याला पूर्ण वेटोळं लागतं. सेलच्या एका टोकातून निघायचं, दिव्यातून जायचं, दुसऱ्या टोकाला परत यायचं. बटण म्हणजे त्या वेटोळ्यातली कापलेली जागा. ती दिव्याच्या अलीकडे असो नाहीतर पलीकडे, फरक नाही. तू सातवीत असताना तुमच्याच ओट्यावर हे दाखवलं होतं. तू बटण इकडून काढून तिकडे लावलंस आणि माझ्याकडे असं बघितलंस जणू मी जादूगार.

म्हणून विचारलंस तर खरं सांगतो. बटण बंद असेल तर वेटोळं तुटलेलं असतं. करंट लागला याचा अर्थ बटण चालू होतं. दादा चुकला, गप्पू. पोरगं आहे, लक्ष नव्हतं. त्याला दोष देऊ नका, पण खोट्याच्या मागेही लागू नका. खरं कबूल केलं की माणूस लवकर सावरतो.

खोक्यात तुला दोन सेल, दोन छोटे बल्ब, एक बटण आणि वायर पाठवतोय. शाळेच्या भंगारातलं आहे, चोरी नव्हे. करून बघ, मन रमेल.

तुझा मामा


१२ ऑक्टोबर

मामा,

खोकं मिळालं. खळीचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर मांडलं. दुपारी शिलाईच्या बायका डबे खायला अंगणात बसतात तेव्हा केलं. बटण बल्बच्या अलीकडे लावलं, पलीकडे लावलं. तू म्हणतोस तसंच झालं. दोन बल्ब एकामागे एक लावले तर दोन्ही मिणमिणते झाले, आणि एक काढला तर दुसराही गेला. मग दोघांना वेगवेगळी वायर दिली तर दोन्ही नीट, एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. घरातले दिवे असेच असणार, नाहीतर संडासातला बल्ब उडाला की सगळा कारखाना अंधारात.

मन रमलं नाही पण मामा.

तू लिहिलंस दादा चुकला. मी ते तीनदा वाचलं. आता मी तुला जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी तिथंच होते. शिलाईच्या चौकटीपुढे, त्यांच्याकडे पाठ करून. ते बटण जुन्या धाटणीचं आहे, दाबलं की जोरात टक वाजतं. बाबा म्हणाले बंद कर, मग टक, मग दादा म्हणाला "बंद!" मग काच फुटल्याचा आवाज. मग बाबांचा आवाज, तो मी लिहीत नाही. मग परत टक. मग मेन पडल्याचा धाडकन आवाज.

दोन टक, मामा. पहिल्या टकला बंद केलं. बाबा चिकटलेले दिसले तेव्हा त्याला वाटलं असणार, अरे, उलटं दाबलं की काय, म्हणून परत दाबलं. म्हणून सगळ्यांनी पाहिलं तेव्हा चालू होतं. तो चुकला असता तर टक एकदाच वाजलं असतं.

काल मी जीव गोळा करून काकांसमोर उभी राहिले. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. काका म्हणाले, "काय? बोल की. आयुष्यभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस, आता काय व्याख्यान देणार?" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस. जेवलीस का?" काका वाईट नाहीत. त्यांचा सख्खा भाऊ गेला. पण ते शिलाईच्या बायकांना म्हणाले ते मी ऐकलं, "माणूस चुकला तर एका माणसावर येतं. वायरिंग चुकलं निघालं तर कारखान्याला कुलूप."

आणि एक आहे. तो दिवा मी जोडला होता.

जूनमध्ये. बाबांना कापताना रेघ दिसत नव्हती. वायरमन आज येतो उद्या येतो करत होता, म्हणून मी म्हटलं मी करते. बाबांनी मेन पाडून दिला आणि टॉर्च धरून उभे राहिले. नळीतून दोन वायर आल्या होत्या, दोन्ही जुन्या, काळ्या पडलेल्या, रंग काही कळत नव्हता. एक सरळ होल्डरला नेली, दुसरीत बटण घातलं. जी बटणाच्या पाटीला जवळ होती तीच घेतली. मेन चालू केला आणि दिवा लागला. बाबांनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "शाळा सोडली म्हणून काय, डोकं सोडलंय का पोरीनं?"

तू सांगितलंच होतंस, बटण कुठंही चाललं. तरी विचारते. कुठंही चालतं ना?

गप्पू


१३ ऑक्टोबर

गप्पू,

घाईत लिहितोय, शाळेत तपासणी आहे. तू लिहिलंस त्यावरून काही ठरवता येत नाही. असं नुसत्या वर्णनावरून कुणालाच सांगता येणार नाही. आवाजाचं म्हणशील तर अशा वेळी माणसाला काहीही ऐकू आल्यासारखं वाटतं.

तू त्या बटणाला, होल्डरला हात लावू नकोस. साहेबांसमोर जाऊ नकोस. दिवा कुणी जोडला हे कुणी विचारलं नाही ना? मग आपण होऊन सांगायचं काही कारण नाही. दादा पुरुषमाणूस आहे, निभावेल. ही पत्रं पुसून टाक.

मामा


२० ऑक्टोबर

मामा,

मी सहा दिवस तुझ्या दुसऱ्या पत्राची वाट बघितली. मग तेच पत्र परत वाचलं. मी विचारलं होतं, कुठंही चालतं ना? तू सगळ्याचं उत्तर दिलंस, त्याचं नाही. पहिल्या पत्रात तू शिवण, गाठ, दमलेली माणसं एवढं लिहिलंस. आणि आता तपासणी. तुझी तपासणी दर वर्षी जानेवारीत असते, आईनं सांगितलं.

काकांनी दादाकडून कागद लिहून घेतलाय. "माझ्याकडून बटण चालू राहिले." सही २८ ला साहेबांपुढे करायची. आईनं तो कागद वाचला आणि घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवला. दादा तिच्या समोरच बसला होता. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दादानं तिच्याकडे बघितलं, ती भिंतीकडे बघत राहिली.

मी आज हात लावला. रागाव.

दुपारी सगळे अंगणात होते. बाबांच्या खणातून टेस्टर काढला. आधी भिंतीवरच्या दुसऱ्या बटणावर लावून बघितला, चांगला आहे. मग कोऱ्या कागदाच्या दोन रिमा जमिनीवर ठेवून त्यावर उभी राहिले, चप्पल घालून, डावा हात पाठीमागे. मशीनवरचं बटण बंद केलं. टक. होल्डर तेव्हापासून तसाच लोंबतोय, टोपी काकांनी नंतर पकडीनं काढली. आत दोन टोकं असतात. टेस्टर एका टोकाला लावला, काही नाही. दुसऱ्याला लावला.

लागला.

बटण बंद असताना टेस्टरचा दिवा लागला. मी बटण चालू केलं, लागला. बंद केलं, लागला. त्या बटणाला ते टोक विचारतच नव्हतं.

सेलवर असं होत नाही. मी खाली येऊन परत डब्यावर मांडून बघितलं. सेलवर बटण बंद म्हणजे बंद. मग इथं का नाही? तुला ठाऊक आहे. १३ तारखेलाच ठाऊक होतं. सांग.

गप्पू


२१ ऑक्टोबर

गप्पू,

हो. ठाऊक होतं.

तुझं १२ तारखेचं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं. हातात काचेचं भांडं होतं, ते बेसिनमध्ये ठेवलं आणि दार लावून बसलो. मुलं बाहेरून हाका मारत होती.

सांगतो. सेलला दोनच टोकं असतात आणि त्याचा जगाशी संबंध नसतो. एका टोकातून निघालेल्याला त्याच सेलच्या दुसऱ्या टोकाशिवाय परतायला वाट नाही. म्हणून बटण कुठंही चालतं. घरातली वीज तशी नाही. घरात येणाऱ्या दोन वायरींपैकी एकीत दाब असतो, ती फेज. दुसरी न्यूट्रल, ती बाहेर, वीज जिथून येते तिथं, जमिनीत पुरून बांधलेली असते. म्हणजे जमीनही परतीची वायरच. आपण जिच्यावर उभे असतो ती.

बटण फेजमध्ये घातलं तर दाब बटणापाशीच अडतो, होल्डर मेलेला असतो. बटण न्यूट्रलमध्ये घातलं तरी दिवा तसाच लागतो, तसाच विझतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण दाब बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत येऊन उभा असतो. वाहत नाही, कारण वाट नसते. वाट मिळायची खोटी. ओलं बोट, दुसरा हात लोखंडी चाकावर, मशीन जमिनीत बोल्ट केलेलं. वेटोळं त्यांच्यातून पूर्ण झालं. बटण त्या वेटोळ्यात नव्हतंच. दादानं ते शंभर वेळा बंद केलं असतं तरी काही झालं नसतं.

दादा चुकला नाही. मी तुला लिहिलं की चुकला. इतक्या खात्रीनं लिहिलं.

आणि तूही चुकली नाहीस. तू मी शिकवलं तेच केलंस. बावीस वर्षं मी मुलांपुढे सेल मांडतोय आणि "कुठंही लावा, फरक नाही" सांगतोय. पुढचं वाक्य कधी सांगितलं नाही, की हे फक्त सेलसाठी, घरात असं करू नका. मास्तर नव्हतो, पुस्तकात नव्हतं, तास संपत आलेला असायचा. माझ्या घरात बटण बदलायचं असलं की मी स्वतः टेस्टर लावून फेज शोधतो. मला येतं गं. तुला सांगायचं राहिलं.

तुला गप्प राहायला सांगितलं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण असं की साहेब तुला विचारतील, कुणी शिकवलं? आणि ताईला कळेल. तिच्यासमोर मी कसा उभा राहू?

ऐक. मी २८ ला येतो. सांगतो की जूनमध्ये मी आलो होतो आणि दिवा मीच जोडला. तुझं नाव नको, दादाचं नको. तुला तोंड उघडायची वेळ यायची नाही. लगेच कळव.

मामा


२३ ऑक्टोबर

मामा,

येऊ नकोस. जूनमध्ये तू आला नव्हतास हे आईला माहीत आहे, काकांना आणि आठ बायकांना माहीत आहे. बाबांनी त्यांना बोलावून बोलावून दाखवलं होतं कुणी जोडला ते. तू खोटं बोललास तर साहेब दादाचंही खोटंच धरतील.

एक रात्र मला वाटलं होतं, येऊ दे मामाला. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

गप्पू


२ नोव्हेंबर

मामा,

तुझे दोन मेल आले, उत्तर दिलं नाही. आज देते.

साहेब साडेअकराला आले. बारीक, खोकल्याची गोळी चघळणारे. काकांनी खुर्ची पुसून दिली. काका म्हणाले, "साहेब, माणूस आहे, विसर पडतो. पोरगा कबूल करतोय." साहेबांनी दादाला विचारलं, "बटण दाबलं होतं का?" दादा म्हणाला, "आठवत नाही." मग खाली बघून म्हणाला, "नसेल दाबलं." काकांनी कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

मी आदल्या दिवसापासून वाक्यं पाठ केली होती. एकही आठवेना. पाय मात्र चालले. मी बटणापाशी गेले आणि बंद केलं. साहेब म्हणाले, "ए मुली, काय करतेस?" काका म्हणाले, "राहू द्या साहेब, ती बोलत नाही, जरा तशीच आहे." मी रिमांवर चढले आणि टेस्टर होल्डरला लावला. साहेब खुर्चीतून उठले. माझ्या हातातून टेस्टर घेतला, स्वतः लावून बघितला. मग पिशवीतून त्यांचं मोजायचं यंत्र काढलं, तेही लावलं. गोळी चघळायचे थांबले होते. म्हणाले, "हे कुणी जोडलं?"

काका पटकन म्हणाले, "जुनंच आहे साहेब. आम्ही जागा घेतली तेव्हापासूनचं."

मामा, तिथंच संपलं असतं. दादा सुटला असता, मी सुटले असते, कुणाचंच नाव लागलं नसतं. साहेब लिहायलाही लागले होते. पण दादा माझ्याकडे बघत होता. त्याला दिवा जूनमधला आहे हे माहीत होतं, तरी तो गप्प होता. मला कळलं की हा आता आयुष्यभर असाच गप्प बसेल, माझ्यासाठी. आणि जिन्यावर आई उभी होती, तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "मी."

साहेब म्हणाले, "काय?"

"मी जोडलं. जूनमध्ये. बटण चुकीच्या वायरीत घातलं. दादानं बटण बंद केलं होतं, मी ऐकलं. दोनदा टक झालं. पहिल्या टकला बंद होतं."

परक्या माणसासमोर एवढं मी जन्मात बोललेली नाही. आवाज माझा वाटतच नव्हता, कुणीतरी म्हातारं बोलतंय असा वाटत होता. साहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं. मी म्हटलं, शाळेत. तुझं नाव घेतलं नाही. ते तुझ्यासाठी नाही, आई तिथं उभी होती म्हणून.

साहेबांनी लिहिलं, जोडणी सदोष, जोडणारी व्यक्ती अल्पवयीन व अप्रशिक्षित, बटण बंद असल्याचे ग्राह्य. दादाचा कागद काकांकडेच परत दिला, काकांनी फाडला. मग साहेब पूर्ण कारखाना फिरले. अकरा बटणांतली आणखी तीन अशीच निघाली, माझ्या जन्माआधीची. म्हणाले, इतकी वर्षं तुमचं नशीब होतं. दाराला कुलूप लावून सील केलं, सगळं वायरिंग नवीन होईपर्यंत. माझं पुढे काय ते वरच्या कार्यालयात ठरेल, पत्र येईल म्हणाले. बायका आपापली कात्री आणि डबा घेऊन घरी गेल्या. एकीनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. बाकीच्या बाजूनं गेल्या.

मला वाटलं होतं दादाला बरं वाटेल. तो गोदामातून वर झोपायला आला, एवढं खरं. पण म्हणाला, "मला हळूहळू पटायला लागलं होतं की मी दाबलंच नाही. मला ते आठवायलाही लागलं होतं, कसं नाही दाबलं ते. आता ते डोक्यातून काढू कसं?" आणि थोड्या वेळानं म्हणाला, "तुझ्यावर राग नाही. पण थोडे दिवस तुझ्याकडे बघवणार नाही मला. चालेल?" मी म्हटलं चालेल.

आईनं दोन दिवस मला जेवायला वाढलं, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "शाळेत? कुठल्या शाळेत? तू तर बाकावरून उठतसुद्धा नव्हतीस." मी ओट्याकडे बघितलं. तिला समजलं. तिलाही तो दिवस आठवत होता, तिनंच तेव्हा आपल्याला ओटा रिकामा करून दिला होता. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "त्याला लिहितेस ना तू? लिही, इतक्यात येऊ नकोस म्हणावं. मी बोलावीन तेव्हा ये." तुझ्याकडून काही मागितलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच.

मी रोज हिशेब करते, पैशाचा नाही. दिवा मी जोडला. मला तू शिकवलंस. तुला पुस्तकानं. बाबांनी टॉर्च धरली. असं फिरत फिरत ते परत माझ्यापाशीच येतं. तू लिहिलंस की तूही चुकली नाहीस. ते वाक्य मी पुसलं नाही, पण मला ते वापरता येत नाही.

एक काम सांगते. तू शाळेत अजून नववीला सेल मांडतोस. "कुठंही चालतं" म्हणून झालं की पुढचं वाक्य सांग. तास संपला असला तरी दार अडवून सांग. कशावरून कळलं म्हणून विचारलं तर बाबांचं सांग. नाव नको, फक्त मशीन, चाक, ओलं बोट, आणि बटण बंद होतं. मला उत्तर लिहू नकोस. सांगितलंस की नाही तेही कळवू नकोस. फक्त सांग.

बाकी ठीक. आमच्याही वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा, सत्तरीचे, त्यांचं लग्न ठरलं. बाई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत आणि बुधवारी सामान घेऊन येणार आहेत, त्यात म्हणे एक बोलका पोपट आहे.

गप्पू